बंधन आधी कोणावर?



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचले. त्यांच्या नावाने उभे राहून गुळमुळीत बोलणे बरे नव्हे. म्हणून माझी बाजू सुरुवातीलाच सांगून टाकते. मी श्रद्धावान ख्रिस्ती आहे आणि कुटुंबाच्या बाबतीत परंपरावादी आहे. लग्न आयुष्यभराचे असते, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे, संध्याकाळची प्रार्थना घरातल्या सगळ्यांनी एकत्र करावी, हे मी मानते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करूनही मानते. किंबहुना मोडलेली घरे तिथे रोज पाहत असल्यामुळे जास्तच मानते.

अलीकडे आपल्या समाजात नीतिमत्ता, कुटुंबसंस्था, श्रद्धा यांच्या रक्षणाची भाषा पुष्कळ ऐकू येते. त्या भाषेशी माझे भांडण नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की हे नियम घरातल्या कोणाला बांधून ठेवण्यासाठी आहेत? माझ्या वाचनाप्रमाणे आणि माझ्या श्रद्धेप्रमाणे ते आधी त्याच्यासाठी आहेत, ज्याच्या हाती घरातले बळ असते. नवरा, बाप, भाऊ, कमावता मुलगा, आणि हो, धर्मगुरूसुद्धा. ही गोष्ट आपण विसरलो, तेव्हा तेव्हा आपल्या हातून अन्याय झाला आणि नाव मात्र धर्माचे लागले.

मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घ्या. परुशी येशूला विचारतात, की पुरुषाने आपल्या बायकोला टाकणे नियमाला धरून आहे काय. प्रश्न पुरुषाच्या अधिकाराबद्दलचा आहे, बाईचे काय होईल हे त्यात कुठेच नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाप्रमाणे सूटपत्र लिहून बायकोला घराबाहेर काढण्याची मुभा पुरुषाला होती. ती कोणत्या कारणाने वापरावी, यावर धर्मपंडितांत दोन तट होते. शम्मायच्या पंथाला व्यभिचारासारखे गंभीर कारण लागे. हिल्लेलच्या पंथाला जेवण करपले तरी पुरत होते. येशू या वादात पडलाच नाही. त्याने ती मुभाच काढून घेतली, आणि ती मुळात पुरुषांच्या कठोर मनामुळे दिलेली होती, हे तोंडावर सांगितले. सूटपत्र हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला त्या काळात बापाचे घर, भीक किंवा त्याहून वाईट काही, एवढेच मार्ग होते. विवाह अभंग आहे ही शिकवण अशा जागी दिली गेली. आज तीच शिकवण मार खाणाऱ्या बाईला ऐकवली जाते, तेव्हा ती ज्याच्यासाठी होती त्याला सोडून भलत्याच माणसावर पडते.

दुसरा दाखला ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा. वर्ष १५६३. त्या वेळी आपली वसई पोर्तुगीजांकडे जाऊन जवळपास तीन दशके झाली होती, त्यामुळे परिषदेने जे ठरवले ते आपल्या किनाऱ्यावरही आले. परिषदेसमोर फ्रान्सच्या राजाचा आग्रह होता, की आईबापांच्या संमतीवाचून झालेली लग्ने रद्द ठरवावीत. घराण्यांच्या जमिनी, हुंडे, वारसा सगळे त्यावर अवलंबून होते. परिषदेने चोरून केलेल्या लग्नांना आळा घातला. धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर झाल्याशिवाय लग्न वैध नाही, असे ठरवले. आईबापांना डावलून लग्न करणे चर्चला पसंत नाही, असेही म्हटले. पण बापाच्या संमतीअभावी लग्न रद्द ठरवायला साफ नकार दिला. लग्न त्या दोघांच्या होकाराने लागते, ही बाराव्या शतकापासून चालत आलेली भूमिका राजासाठीही सोडली नाही.

एका दाव्याच्या कामासाठी वसईतल्या एका धर्मग्रामाची जुनी विवाहनोंदवही मला पाहायला मिळाली. शाई तपकिरी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. एका ओळीत वराची सही, त्याखाली वधूचा अंगठा, मग दोन साक्षीदारांची नावे, शेवटी धर्मगुरूची सही. बापाचे नाव लिहिलेले असते, पण त्याच्या सहीला जागा नाही. त्या अंगठ्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले. त्या मुलींना खरोखर कोणी विचारले असेल काय? बहुतेकींना नसेलच. लग्ने थोरल्यांनी जमवली, बोलणी ओसरीवर झाली. तरीही वेदीपुढे धर्मगुरूला तिला विचारावेच लागे आणि तिचा होकार ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नसे. परंपरा जपायची तर त्या प्रश्नाला परंपरेतले पहिले स्थान द्यावे, असे मला वाटते.

आता आपल्या मराठी घरात येते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. ‘स्मृतिचित्रे’ आपण शाळेत वाचले, त्यातल्या प्रसंगांवर हसलो आणि त्यातले दुःख बहुधा हसण्यातच निसटून गेले. मी ते पुस्तक आज एका कायद्याशेजारी ठेवून वाचून दाखवणार आहे.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी बायको होती, लहान मुलगा दत्तू होता. लक्ष्मीबाई कडक सोवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्यांच्या जगात तो असून नसल्यासारखा झाला. पुढची चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात नातेवाइकांकडे दिवस काढले.

त्या वेळी १८६६ चा एक कायदा अमलात होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या जोडीदाराने धर्मांतरामुळे त्याच्यापाशी नांदायला नकार दिला, तर न्यायालयात जाऊन ते लग्न रद्द करून घेण्याची आणि दुसरे लग्न करण्याची सोय त्याला होती. कायदा मिशनऱ्यांच्या आणि सरकारच्या विचाराने झालेला, आणि धर्मांतरितांची अडचण खरीच होती, हे मी नाकारत नाही. टिळकांपुढे ती वाट उघडी होती. वय तिशीच्या आसपास, नवा समाज, नवी नोकरी, कवी म्हणून नाव होऊ लागलेले. ते त्या वाटेने गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. लहरी होते, तापट होते, घरात उद्या काय शिजेल याचा विचार न करता हातातले देऊन मोकळे होत. लक्ष्मीबाईंनी हे सगळे काही न लपवता लिहिले आहे. असा माणूस बायकोच्या बाबतीत एवढा धीर धरतो, याचे मोल मला फार वाटते. लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या, तेव्हाही त्या हिंदूच होत्या. सोवळे त्यांचे, स्वयंपाक त्यांचा वेगळा. नवऱ्याच्या धर्मात ये, असा हुकूम नव्हता. आपला धर्म आपण होऊन तपासून पाहायला त्यांना अवसर मिळाला. जातिभेद माणसाने केलेला आहे, ही गोष्ट त्यांना स्वतःहून उमगली, आणि मग १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ज्या घरात सोवळे चालत होते त्याच घरात अनाथ, गरीब, कोणत्याही जातीची मुले जेवू लागली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्याच बाईने पुरे केले.

हे ख्रिस्ती कुटुंब कशामुळे टिकले? नवऱ्याला कायद्याने दिलेला अधिकार नवऱ्याने वापरला नाही, म्हणून. मी परंपरावादी आहे ती या अर्थाने. त्या चार-पाच वर्षांत बांधले गेले ते टिळक. लक्ष्मीबाई मोकळ्या होत्या.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यांच्यावर अख्खी व्याख्यानमाला व्हायला हवी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लगेच चर्चमधल्या वरिष्ठांशी त्यांचे खटके उडू लागले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले आणि रमाबाईंनी ते मानले नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर दुसऱ्या कोणाचा ताबा त्यांना चालत नव्हता. हा भाग आपल्याला माहीत असतो. मला सांगायचे आहे ते केडगावचे, त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमाचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, कारण उपाशी पोरींना गाठणारे दलाल तिथे त्यांच्या आधी पोचलेले होते. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या आवारात विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छापखाना असे सगळे बायकांच्या हातचे होते. आणि तिथेच ‘कृपा सदन’ होते, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी.

रमाबाईंची नीती आजच्या मापाने कर्मठ होती. प्रार्थना, शिस्त, साधे राहणे, एकनिष्ठ विवाह, यांत त्यांनी तडजोड केली नाही. पण त्या कर्मठपणाचा जाच कृपा सदनात येणाऱ्या बाईला झाला नाही, तिला फसवणाऱ्याकडे त्यांचा रोख होता. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको यांची आठवण ठेवली आहे. चौघींच्याही चारित्र्याबद्दल किंवा कुळाबद्दल एखाद्या गावाने कुजबुज केलीच असती. शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर त्या आहेत, आणि नाताळाच्या सुमारास चर्चमध्ये तीच नावे वाचली जातात. आमच्याकडे अजूनही कुमारी मातेच्या मुलाच्या स्नानसंस्काराला लोक माना वळवून पाहतात. पाहणाऱ्यांनी ती वंशावळ ऐकलेली असते.

आता जरा कायद्याच्या दालनात येऊ. माझा धंदा तो आहे, आणि आपल्या श्रद्धेचा कस तिथे लागला आहे.

१८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. बालपणी लग्न झाले, बायको नांदायला येत नाही, तिला आपल्या ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्राला ठाऊकच नाही, तो इंग्लंडमधून आला आहे, असे त्यांनी म्हटले. अपिलात हे फिरले आणि १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या. सनातनी मंडळींनी त्या वेळी हिंदू धर्माचा प्रश्न म्हणून रान उठवले. प्रत्यक्षात दांपत्यहक्काच्या पुनःस्थापनेचा तो दावा इंग्लंडच्या चर्चच्या धर्मन्यायालयांतून निघालेला होता. चर्चच्या न्यायालयांत तो नवरा आणि बायको दोघांनाही लावता येत असे, टाकलेल्या बायकोला त्यातून घर परत मिळू शके. इथे आल्यावर तो काय झाला? नको असलेल्या संसारात मुलीला ओढून नेण्याचा दोर झाला. खुद्द इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकणे १८८४ मध्येच बंद केले होते.

आपला ख्रिस्त्यांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्याच्या कलम १० प्रमाणे नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रौर्याची किंवा दोन वर्षे टाकून दिल्याची जोड लागे. कलम ३४ प्रमाणे बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता येत असे, जणू शेताच्या बांधाचे नुकसान झाले आहे. हा कायदा १८५७ च्या इंग्रजी कायद्यावर बेतला होता. इंग्लंडने ही विषमता १९२३ मध्ये काढली. आपल्याकडे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला त्यावर बोट ठेवावे लागले आणि २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. मार्कच्या दहाव्या अध्यायातला येशू पुरुषाची मुभा काढून घेतो, आणि ख्रिस्ती नावाने चालणारा कायदा ती पुरुषाला सव्वाशेहून अधिक वर्षे देत राहतो. हे सांगताना मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही. दुरुस्तीसाठी ख्रिस्ती महिला संघटनांनी आणि चर्चच्या अनेक नेत्यांनी मिळून बरीच वर्षे पाठपुरावा केला, हेही सांगितले पाहिजे. त्यांतले बहुतेक लोक माझ्यासारखेच घटस्फोटाला अनुकूल नव्हते. नवऱ्याला एक माप आणि बायकोला दुसरे, हे त्यांना धर्माच्या विरुद्ध वाटत होते.

त्रावणकोरचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे, कारण ते पैशाचे आहे. तिथल्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरता, आणि पुनर्विवाह केला की संपला. मेरी रॉय या शिक्षिका आपल्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २४ फेब्रुवारी १९८६ ला न्यायालयाने निकाल दिला, की १९५१ पासून तिथे भारतीय वारसा कायदाच लागू आहे, म्हणजे मुलगा-मुलगी समान. या निकालाने कुटुंबे फुटतील, असे म्हणत चर्चमधल्या काही पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला. कुटुंब म्हणजे कोण, हे त्या वाक्यात ठरलेलेच होते. बहीण त्यात नव्हती.

आणि गोव्यात काय होते? १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तिथे १८७० मध्ये लागू झाला. मुलगा आणि मुलगी वारस म्हणून समान, वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, आणि मुले असतील तर निम्म्या मिळकतीवरचा त्यांचा हक्क बापाला मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे त्यामुळे मोडून पडली, असे कोणी म्हणेल काय? त्रावणकोरचा नियम श्रद्धेतून आला नव्हता. तो जमिनीच्या हिशेबातून आला आणि श्रद्धेच्या आडोशाला उभा राहिला.

माझी एक अशील होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. दर रविवारी मिस्सेला जाणारी, चर्चच्या गायनवृंदात गाणारी. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज तयार होता आणि ती सही करत नव्हती. पेन हातात, नजर टेबलावर. मी विचारले, भीती वाटते का? म्हणाली, “नाही मॅडम, पाप लागेल.” तिला कोणीतरी सांगितले होते, की क्रूस प्रत्येकाला असतो. मी तिला मार्कचा दहावा अध्याय सांगितला. घराबाहेर काढण्याची, हात उगारण्याची मुभा येशूने पुरुषाकडून काढून घेतली आहे, तू ती परत देऊ नकोस. तिने सही केली. ती आजही विवाहित आहे, वेगळी राहते, घटस्फोट तिला नको आहे आणि तिच्या त्या निर्णयाचा मी मान राखते. चर्चलाही विभक्त राहण्याची मोकळीक मान्य आहे. जोडीदारापासून जिवाला किंवा मुलांना धोका असेल, तर वेगळे राहता येते, असे चर्चचा कायदाच सांगतो. हे व्यासपीठावरून किती वेळा सांगितले जाते?

तरुण मंडळी मला विचारतात, मग नियम हवेतच कशाला? ज्याला जसे जमेल तसे राहू द्यावे. मी त्यांना माझ्या कार्यालयात येऊन बसायला सांगते. बंधन नसते तिथे आधी बलवान निघून जातो. भाड्याचे घर, मूल आणि कर्ज मागे राहणाऱ्याच्या गळ्यात पडते. ते मागे राहणारे माणूस बहुधा बाई असते, कधी म्हातारी आई. वसईत बंगल्यांत एकेकटे राहणारे आईबाप वाढले आहेत. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. त्यांतली काही मुले चर्चला मोठी देणगी देतात, भिंतीवर नाव लागते. मार्कच्या सातव्या अध्यायात आईबापांच्या वाट्याचे देवाला ‘कुर्बान’ म्हणून टाकणाऱ्यांना येशू काय म्हणाला, ते देणगी स्वीकारणाऱ्यांनीही वाचावे. मुलांनी आईबापांना सांभाळावे, हा नियमही बळ असलेल्या पिढीवरचाच आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन आपल्या धर्मगुरूंकडे, पाळकांकडे आणि मंडळींच्या पंचांकडे. विवाहपूर्व शिबिरात एक तास कायद्याला द्यावा. १९२५ चा वारसा कायदा, २००५ चा हिंसाचाराचा कायदा आणि विभक्त राहण्याबद्दलचे चर्चचे नियम वर-वधू दोघांना एकत्र बसवून शिकवावेत. दुसरी मागणी, लग्नाआधी धर्मगुरू वधूवरांची स्वतंत्रपणे चौकशी करतात ती उरकून टाकू नये. मुलीला आईबापांच्या गैरहजेरीत, दार बंद करून, घाई न करता विचारावे. ट्रेंटपासून चालत आलेला प्रश्न आहे तो.

तिसरी मागणी घरातल्या कर्त्या पुरुषांकडे आहे. भारतीय वारसा कायदा आपल्याला मृत्युपत्राचे पूर्ण स्वातंत्र्य देतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बापाला कायदा अडवत नाही, तो सगळे एकाच मुलाला देऊ शकतो. गोव्यातल्या बापाला तसे करता येत नाही. वसईत जमिनीचे भाव चढल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या मृत्युपत्रांत मुलींच्या नावापुढे “लग्नात दिले आहे” एवढेच लिहायला सांगणारे बाप मी पाहते. ते प्रार्थना करणारे, सज्जन लोक आहेत. मी त्यांना मसुदा परत देते आणि सांगते, आज रात्री माळेची प्रार्थना झाली की हा कागद घरात सगळ्यांदेखत मोठ्याने वाचा, मुलीही असू द्यात, आणि मग उद्या सहीला या. काही जण दुसऱ्या वकिलाकडे जातात. काही दुसऱ्या दिवशी हिस्से बदलून आणतात.